लेकरांना घेऊन भीमाशंकरच्या रानात जाताना

अगं, दिवाळी झाली की पोरांना घेऊन भीमाशंकरला जाणार म्हणालीस, ऐकून फार बरं वाटलं. देवदर्शन तर होईलच. पण तू रानाचं विचारलंस, म्हणून हे सगळं लिहूनच पाठवते. फोनवर सांगितलेलं निम्मं राहून जातं. माझी उभी नोकरी आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगराकडच्या शाळांत गेली. वर्गात बहुतेक महादेव कोळ्यांची मुलं. रानाचं मला जे काही कळतं ते त्या मुलांनी आणि त्यांच्या आयांनी शिकवलेलं आहे, तेव्हा हे कानमंत्र माझे एकटीचे नाहीत. त्यांचेच तुला पोचवते आहे.

आधी अंतराचं बोलू. मोठी माणसं रानात निघाली की कुठवर जायचं ते आधी ठरवतात आणि मग पोरांना तिथवर ओढत नेतात. तुझा धाकटा पाच वर्षांचा आहे. त्याला तू ‘गुप्त भीमाशंकरपर्यंत जायचं’ असं सांगूच नकोस. ‘दहा वाजेपर्यंत रानात हिंडायचं आणि मग मागं वळायचं’ एवढंच सांग. देवळाजवळून गुप्त भीमाशंकरला जाणारी पायवाट दीड-दोन किलोमीटरची. मोठं माणूस पाऊण तासात जाऊन पोचतं. पोरांसोबत जायला दोन तास धर आणि यायला तेवढेच. पोचलात तर उत्तम. नाही पोचलात तर वाटेतली साक्षी विनायकाची जागाही काही कमी नाही. धाकट्यानं ‘अजून किती?’ असं एकदा विचारलं तर चालत राहा. दुसऱ्यांदा विचारलं की बसा, खा, आणि तिथूनच माघारी फिरा. पोर हसत मागं आलं तर पुढच्या सुट्टीत आपण होऊन ‘जाऊ या’ म्हणेल. रडत आलं तर पुढची पाच वर्षं रानाचं नाव काढणार नाही. हे मी शाळेच्या सहलींत पुन्हापुन्हा पाहिलंय.

चालताना रांग अशी ठेव. पुढं एक मोठं माणूस, त्याच्या लगेच मागं धाकटा, मग थोरली, आणि सगळ्यांच्या शेवटी दुसरं मोठं माणूस. पुढच्यानं धाकट्याच्या पावलानं चालायचं. थोरली नऊ वर्षांची, तिला पुढं पळायची घाई होणार. तिला काम दे. वाटेवरची शेकरूची घरटी मोजायचं काम तिचं. मग ती मान वर करून चालेल आणि आपोआप सावकाश चालेल. मात्र मान वर करायची ती थांबून, चालता चालता नाही. मुळांच्या जाळ्यात पाय अडकून पडायला होतं ते नेमकं तेव्हाच.

आता हे रान जुनं का म्हणायचं, ते पोरांना डोळ्यांनी दाखव. सांगून कळत नाही. अभयारण्य म्हणून ते जाहीर झालं १९८५ साली, सुमारे १३० चौरस किलोमीटरचं, पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांत पसरलेलं. पण सरकारी कागदाच्या कितीतरी आधीपासून ते उभं आहे. माथ्यावरची मुख्य झाडं तीन: अंजनी, जांभूळ आणि पिसा. सोबत हिरडा, आंबा, उंबर. झाडं फार उंच नाहीत, वाऱ्यापावसानं त्यांना वाढू दिलेलं नाही. पण माथे एकमेकांत इतके गुंतलेले की भर दुपारी खाली काळोखी असते. पोरांना उघड्या माळावर उभं कर आणि मग दहा पावलं आत ने. अंगाला गारवा लागतो, आवाज बदलतो, पायाखाली पाचोळ्याचा थर मऊ लागतो. तो पाचोळा एका काडीनं हळूच उकर. वरचं पान अख्खं, खालचं जाळीदार, त्याच्या खालचं भुगा झालेलं, आणि तळाशी काळी ओली माती. पानाची माती कशी होते हे मी फळ्यावर आकृत्या काढून शिकवायची, आणि रानात एका मिनिटात कळायचं. बघून झालं की पाचोळा पुन्हा पसरून ठेवायला लाव.

दुसरी दाखवायची गोष्ट म्हणजे मेलेलं झाड. उन्मळून पडलेला, बुरशी आलेला ओंडका दिसला की तिथं नक्की थांब. लावलेल्या रानात असे ओंडके दिसत नाहीत, कोणी ना कोणी सरपणाला नेतं. जुन्या रानात ते जागच्या जागी कुजतात. त्यावर शेवाळ, शेवाळावर नेचे, सालीखाली गोम, भुंगे, वाळवी, आणि वाळवी खायला आलेले पक्षी. ओंडक्यात हात घालू द्यायचा नाही, उलथायचा तर मुळीच नाही. त्याखाली विंचू असतो, सापही असतो. दोन हात लांब उकिडवं बसून बघायचं. पावसाळ्यात याच कुजत्या लाकडांवरच्या काही बुरशी रात्री हिरवट उजेड देतात, हे सांग थोरलीला. तुम्ही जाल तेव्हा ते दिसणार नाही आणि पावसाळी रात्री पोरांना घेऊन रानात शिरायचंही नाही. पण पायाशी दिसतंय ते निर्जीव लाकूड नाही एवढं तिच्या ध्यानात राहील.

तिसरी म्हणजे गारंबी. मांडीएवढ्या जाडीचा पिळदार वेल, एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेला, कधी जमिनीवर लोळून पुन्हा वर चढलेला. तिच्या शेंगा बघितल्यास तर तुलाच खरं वाटणार नाही. एक शेंग तुझ्या धाकट्याच्या उंचीएवढी असू शकते. गारंबी एवढी जाड व्हायला किती वर्षं लागली असतील, आणि तेवढी वर्षं तिला आधार देणारी झाडं कोणी तोडली नाहीत, हे पोरांना विचारून विचारून काढून घे. सरळ सांगू नकोस. आणि तिला झोका करून लोंबकळू देऊ नकोस. फोटोसाठी लोक लोंबकळतात, माझ्या जिवाला फार लागतं ते.

शेकरूचं आता सांगते, कारण पोरं त्याच्यासाठीच येतात. आपल्या राज्याचा प्राणी तो. तपकिरी-तांबूस पाठ, पिवळसर पोट, आणि अंगापेक्षा लांब झुपकेदार शेपूट. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळजवळ तीन फूट भरतं. खाली फार क्वचित उतरतं, सगळा संसार फांद्यांवर. रेनी बोर्जेस या शास्त्रज्ञ बाईंनी ऐंशीच्या दशकात याच रानात राहून शेकरू काय खातं, कोणत्या महिन्यात कुठल्या झाडावर जातं याचा अभ्यास केला होता. तुझ्या थोरलीला हे मुद्दाम सांग, की एक मुलगी इथं येऊन झाडावरच्या खारी बघत राहिली आणि त्यातून शास्त्र झालं. शेकरू बघायचं तर सकाळी लवकर निघायला हवं. साडेसात-आठच्या सुमारास ते खायला बाहेर पडलेलं असतं, दुपारी फांदीवर अंग टाकून निपचित पडतं, आणि उन्हं कलली की पुन्हा हलायला लागतं. आधी डोळ्यांनी शोधू नका, कानांनी शोधा. खडखडाट केल्यासारखा मोठा आवाज काढतं, एवढ्या आवाजाचं जनावर केवढं असेल असं वाटावं. नाहीतर वरून अर्धवट कुरतडलेली फळं, सालींचे तुकडे टपटप पडतात, त्या झाडाखाली थांबायचं. घरटं म्हणजे पानं आणि काटक्यांचा मोठा गोळा, बारीक फांद्यांच्या बेचक्यात, जिथं जड जनावर पोचू शकणार नाही अशा जागी. एकच शेकरू अशी चार-सहा घरटी बांधून ठेवतं, म्हणून थोरलीची घरट्यांची मोजणी आणि शेकरूंची संख्या एक नाही हेही तिला सांग.

थांबायचं म्हणजे खरंच थांबायचं. पोरं गप्प बसत नाहीत असं आपण म्हणतो, पण त्यांना कारण दिलं की बसतात. मी वर्गाला म्हणायची, डोळे मिटा आणि ऐकू येईल त्या प्रत्येक वेगळ्या आवाजाला एक बोट उघडा. पाचही बोटं उघडली की डोळे उघडायचे. पहिल्यांदा पोरं दोन बोटांवर अडतात. मग कुठं कुटूर-कुटूर ऐकू येतं, कुठं भेकराचं कुत्र्यासारखं भुंकणं, कुठं ओढ्याकाठच्या शीळकरी कस्तुराची शीळ, माणसानं घातल्यासारखी पण सुराचा पत्ता नसलेली. पाच वर्षांच्या पोरालाही हा खेळ जमतो.

ऋतूचं तू बरोबर निवडलंस. दिवाळीपासून माघापर्यंतचे दिवस पोरांना घेऊन जायला सगळ्यात बरे. वाटा सुकलेल्या, ओढ्यांना घोट्याएवढं पाणी, हवा थंड. सकाळी चांगलंच गारठतं, स्वेटर लागेल. महाशिवरात्र आणि श्रावणातले सोमवार टाळ. त्या गर्दीत शेकरू काय, झाडसुद्धा दिसत नाही. शनिवार-रविवारही टाळता आला तर टाळ. वैशाखात करवंदं-जांभळं असतात आणि ताम्हण फुलतो, तेव्हाही जाता येईल, मात्र उन्हाच्या आत परतायचं आणि दुपारच्या वळवाकडे लक्ष ठेवायचं. ढग गडगडायला लागले की उघड्या कड्यावरून आणि एकट्यादुकट्या झाडाखालून बाजूला व्हायचं.

पावसाळ्यात मात्र नाही. याबाबत माझं मत पक्कं आहे आणि तुझ्या नवऱ्यालाही वाचून दाखव. इथं वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांत. धुकं असं उतरतं की चार हातांवरचं पोर दिसत नाही. वनखातं पावसाळ्यात काही वाटा बंद ठेवतं ते उगाच नाही. धबधब्याखाली पोरं धरून फोटो काढणारे आईबाप पाहिले की माझा जीव वर येतो. इतर दिवसांतही ओढ्याचा एक नियम त्यांना पाठ करून दे: तळ दिसत नाही त्या पाण्यात पाय नाही. आणि मोठ्यांसाठी खुणा सांगते. पाणी एकाएकी गढूळ झालं, त्यातून पानं-काटक्या वाहत यायला लागल्या, आवाज जड झाला, तर वर डोंगरात पाऊस झालाय. इथं ऊन असलं तरी. सामान तिथंच सोड, पोरं उचल आणि काठावरून वर चढ. पलीकडे अडकलात तर पाणी ओसरेपर्यंत पलीकडेच बसा. ओढा तासा-दोन तासांत उतरतो.

नागफणीला जायचं मनात असेल तर धाकटा सात-आठ वर्षांचा होईपर्यंत थांब. हनुमान तळ्यापर्यंत जा, छान आहे. त्याच्या पुढं नागफणीचा कडा थेट कोकणात तुटतो आणि वारा मोठा असतो. थोरलीला घेऊन एकानं जावं, धाकट्यापाशी दुसऱ्यानं तळ्यावर बसावं. कड्यापासून मोठ्या माणसाच्या दोन उंच्या अंतरावर बसून, हो, बसूनच बघायचं. आणि कोणी उत्साहानं सांगेल की कर्जतकडून, खांडसवरून चढून या, तर त्यातली शिडी घाटाची वाट पोरांसाठी नाही. गणेश घाटाची वाट सोपी आहे, पण ती अख्ख्या दिवसाची चढण. थोरली बारा-तेराची झाली की बघू.

मधमाश्यांचं नीट वाच. आग्या माश्यांची पोळी कड्यांना आणि उंच झाडांना लोंबतात. त्या आपण होऊन येत नाहीत. धूर, उग्र अत्तर, दगड आणि आरडाओरडा यांनी उठतात. त्या दिवशी कोणीही अंगावर सुगंधी फवारा मारायचा नाही, केसांना वासाचं तेल लावायचं नाही. पोळं दिसलं तर बोट दाखवत उभं न राहता लांबून निघून जायचं. माश्या उठल्याच तर हात झाडत बसू नका. पोराचं तोंड-डोकं कापडात गुंडाळून उचलायचं आणि दाट झुडपांतून किंवा जवळच्या घराकडे पळायचं. काटे नखानं खरवडून काढायचे, चिमटीत दाबायचे नाहीत.

यासाठीच सांगते, एक जुनं सुती लुगडं पिशवीत हवंच. मोठं, धुऊन मऊ झालेलं. बसायला तेच, थंडीला पोराभोवती गुंडाळायला तेच, आडोशाला धरायला तेच, मोडलेला हात बांधायला तेच, आणि धाकटा झोपला तर पाठीशी बांधायलाही तेच. दुकानात मिळणाऱ्या साऱ्या साधनांपेक्षा मला ते जास्त भरवशाचं वाटतं.

सापाला घाबरवू नकोस पोरांना, पण रीत शिकव. हिवाळ्यात ते कमी दिसतात. तरी फांदी धरण्याआधी बघायची सवय लाव, कारण चापडा नावाचा हिरवा, तिकोनी डोक्याचा साप फांदीवर तासन्‌तास हलत नाही. दगडाच्या फटीत हात नाही, पाचोळ्यात पाय टाकण्याआधी काठी. पोरांना पूर्ण पायांची विजार आणि घोटे झाकणारे बूट. कधी चावलाच तर घट्ट बांधू नका, चिरा देऊ नका, तोंडानं ओढू नका. पायातले वाळे, हातातल्या बांगड्या, घट्ट बूट लगेच काढायचे, कारण सूज येते. तो हात किंवा पाय काठीला सैलसर बांधून हलू द्यायचा नाही, पोराला चालवायचं नाही, उचलून गाडीपर्यंत आणायचं आणि १०८ ला फोन करत थेट घोडेगावच्या ग्रामीण रुग्णालयाची वाट धरायची. साप ओळखण्यासाठी त्याच्या मागं जाण्यात वेळ घालवायचा नाही, डॉक्टर लक्षणांवरून ठरवतात.

त्यापेक्षा कितीतरी जास्त शक्यता खाजकुयलीची आहे. तुम्ही जाल त्याच सुमारास तिच्या शेंगा वाळायला लागतात. सोनेरी मखमल पांघरल्यासारख्या दिसतात आणि प्रत्येक पोराला हात लावावासा वाटतो. लागलीच तर चोळायचं नाही, पाणीही आधी नको. रुंद चिकटपट्टी अंगावर लावून उपटायची म्हणजे कूस निघून येते. ते कपडे वेगळ्या पिशवीत. चिकटपट्टी म्हणूनच सामानात ठेव.

देवळाच्या पायऱ्यांवर माकडं असतात. त्यांच्यासमोर पिशवी उघडायची नाही, हातात खाऊ धरून चालायचं नाही, आणि पोरांनी कितीही हट्ट केला तरी त्यांना काही घालायचं नाही. खाऊ घालून घालून ती अशी झाली आहेत. बिबट्या या रानात आहे. दिवसाउजेडी, चार माणसांच्या बोलण्यात तो समोर येत नाही. पण अंधार पडायच्या तासभर आधी रानाबाहेर यायचं आणि पोराला एकटं शी-शूला झुडपाआड पाठवायचं नाही, हे दोन्ही पाळ.

त्यावरून आठवलं. शीचं आधी ठरवून ठेव, रानात ऐनवेळी फार पळापळ होते. शक्यतो निघण्याआधी उरकून घ्या. वाटेत लागलीच तर ओढ्यापासून निदान पन्नास-साठ पावलं दूर जायचं, वीतभर खड्डा खणायचा, झाकायचा. ओले पुसणी कागद पुरायचे नाहीत, ते कुजत नाहीत. वेगळ्या पिशवीत घालून परत आणायचे. खाली गावात ओढ्याचंच पाणी जातं.

खाण्याचं सोपं ठेव. दशम्या कर, दुधात भिजवलेल्या असल्या की संध्याकाळपर्यंत मऊ राहतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ-शेंगदाणे, उकडलेले बटाटे, खजूर. कुरकुरीत पाकिटं नेऊ नकोस. खारट खाऊन पोरं पाणी संपवतात आणि पाकिटाचा कोपरा हमखास वाटेवर पडतो. प्रत्येक पोरामागं एक लिटर पाणी, मोठ्यांना दोन. मीठ-साखरेचं पाणी एका बाटलीत वेगळं. भूक लागायची वाट न बघता दर तासाला थोडं थोडं द्यायचं, कारण पोर आधी चिडचिडं होतं आणि भूक लागलीय हे नंतर कळतं.

प्रत्येक पोराच्या गळ्यात शिट्टी बांध, आणि घरी दोन-तीनदा सराव करून घे. आई-बाबा दिसेनासे झाले की पळायचं नाही. जवळच्या मोठ्या झाडाला हात लावून तिथंच बसायचं आणि तीन-तीनदा शिट्टी वाजवायची. उगाच वाजवायची नाही, एरवी रानात शांतता. भडक नारिंगी किंवा पिवळा सदरा घाल, हिरव्या रानात लांबून दिसतो. निघताना पोरांचा त्याच कपड्यांतला फोटो काढून ठेव. फोनला आत रेंज मिळेल असं धरूनच चालू नकोस. जिथं उतराल तिथल्या माणसाला कुठल्या वाटेनं जातोय आणि कधी येतोय ते सांगून जा.

वाटाड्या घे. वाट सापडते, तरीही घे. या गावांतल्या माणसांचं बरंचसं वर्ष बाळहिरड्यावर चालतं. उन्हाळ्यात जाशील तर अंगणाअंगणात काळे हिरडे वाळत घातलेले दिसतील, त्यावर पोरांना पाय देऊ देऊ नकोस. अभयारण्य झालं तेव्हा रान राखायची जबाबदारी आणि रान वापरायची बंधनं दोन्ही याच लोकांच्या वाट्याला आली. त्यातली एखादी बाई किंवा दादा सोबत असेल तर पोरांना झाडांची नावं, औषधं, जनावरांच्या खुणा मिळतात, ज्या माझ्याकडूनही मिळणार नाहीत. घासाघीस करू नकोस. ठरलेले पैसे दे, आणि दुपारचं जेवण त्यांच्याच घरी सांग: नाचणीची भाकरी, पिठलं, चटणी. पोरांना ‘काका’, ‘मावशी’ म्हणायला लाव आणि जेवण झाल्यावर ताटं त्यांनीच उचलावीत.

पोरांना हे आवडलं तर पुढच्या वर्षी डिंभ्यावरून आहुप्याला जा आणि तिथली देवराई दाखव. या डोंगरपट्ट्यात भैरवनाथाच्या, वरसूबाईच्या नावानं राखलेली अशी रानं गावोगाव आहेत. सत्तरच्या दशकात डॉ. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ महाराष्ट्रातल्या देवराया हिंडले, त्यांची नोंद केली, तेव्हा शहरातल्या लोकांना त्यांचं मोल कळायला लागलं. गावातल्यांना ते ठाऊकच होतं. देवराईत शिरताना गावातलं कोणी तरी सोबत हवं. चपला कुठं काढायच्या, कुठवर जायचं, ते सांगतील तसं. तिथून पडलेली काडी, पान, बी, काहीही उचलायचं नाही. भीमाशंकरच्या वाटेवर पडलेलं फळ पोरानं हातात घेऊन बघितलं तर चालेल, पण देवराईत तेही नाही. धाकटा खिसे भरणारा आहे, मला ठाऊक आहे. निघताना त्याचे खिसे त्यालाच रिकामे करू दे आणि प्रत्येक वस्तू जिथून घेतली तिथं ठेवायला लाव. वेळ लागेल, लागू दे. तेवढा वेळ काढायलाच तर आपण जातो.

आणि एकदम भीमाशंकर जड वाटत असेल तर आधी माथेरान कर. दस्तुरी नाक्याच्या पुढं मोटारी नाहीत, झाडंही तीच, अंजनी-जांभूळ-हिरडा, आणि वाटा रुंद, लाल मातीच्या. पहाटे पॉइंटांच्या गर्दीआधी दोन तास चालवून बघ. दोघं किती टिकतात, बूट कुठं लागतात, पाणी किती पितात, सगळं तिथं कळेल.

घरी आल्यावर आंघोळीआधी दोघांची अंगं नीट बघ. कानामागं, काखेत, गुडघ्याच्या लवणीत, केसांत. गुरं चरतात त्या गवतातून गोचीड चिकटतात. चिमट्यानं अगदी कातडीजवळ धरून सरळ ओढून काढायची, तेल-काडेपेटीचे प्रयोग नकोत. चार-आठ दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना गोचिडीचं आवर्जून सांग. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे घालून सावलीत वाळव. उन्हात टाकलेस तर तळ सुटतो. आणि थोरलीला घरटी किती मोजली ते कॅलेंडरवर त्या तारखेपाशी लिहून ठेवायला सांग. पुढच्या वर्षी त्याच वाटेनं, त्याच महिन्यात पुन्हा मोजायची आहेत.